गिरणेचा पूल आणि शेवटचा नंबर: जळगावातली माझी पहिली अर्धमॅरेथॉन

जळगावात एकवीस किलोमीटरची शर्यत आहे आणि बायकांनाही घेणार आहेत, ही बातमी मला धुळ्यात शाळेच्या स्टाफरूममध्ये कळली. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी तिशी ओलांडलेली, दोन मुलींची आई, आणि रोज पहाटे शाळेच्या मैदानावर पळणारी एकटीच बाई. जळगाव माझं माहेर. लहानपणी जिथे मला धावायला बंदी होती, तिथेच पळायचं, हे मी त्याच दुपारी ठरवून टाकलं.

बंदीला कारण होतं. शाळेत असताना मला सांध्यांचा ताप आला आणि त्यात हृदयाला सूज आली. माझा मोठा भाऊ मला सायकलवर बसवून इंजेक्शनला न्यायचा. मी बरी झाले, पण घरच्यांच्या लेखी नाजूकच राहिले; भरलेली बादलीसुद्धा भाऊ मला उचलू द्यायचा नाही. आता धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "पळा. पण छातीत दुखलं, तर तिथल्या तिथे थांबायचं." एवढ्या परवानगीवर मी शनिवारी एसटीत बसले.

रस्ता तेव्हा अरुंद होता आणि कापसाचा हंगाम असल्यामुळे ट्रकांमागे रांगत जावं लागायचं. पारोळ्याच्या स्टँडवर गरम भजी निघत होती, पण पोट बिघडायला नको म्हणून मी दोन केळी खाऊन घेतली. (लांब पळणार असाल तर आदल्या दिवशी स्टँडवरचं तळलेलं टाळाच.) एरंडोल, पाळधी मागे पडलं आणि बस बांभोरीजवळ गिरणेच्या पुलावर चढली. मी खिडकीतून वाकून पाहिलं. कठड्याशी जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा होती. उद्या इथून दोनदा पळायचं होतं.

घरी वहिनीने भरताची वांगी भाजली होती. मी खिचडीवर भागवलं.

"हे काय नवीन काढलंस?" भाऊने जेवून हात धुताना विचारलं.

"डॉक्टर हो म्हणालेत, भाऊ."

"डॉक्टर नव्हते तेव्हा तुझ्या उशाशी. मी होतो."

तो चप्पल घालून बाहेर गेला. कुठे, ते सकाळी मैदानावर कळलं. दमलेल्यांना उचलायला सगळ्यांच्या मागे एक जीप राहणार होती. संयोजकांना भेटून त्याने त्या जीपमध्ये जागा मिळवली होती.

थंडी चांगलीच होती. पोरं सुसाट सुटली. मी सलवार-कमीज आणि कॅनव्हासच्या बुटांत, पाठीवर कापडी नंबर टाचून, आपल्या चालीने निघाले. गाव संपलं, पूल गेला, पाळधीच्या अलीकडून वळायचं होतं. तिथे कापसाची बैलगाडी हाकणाऱ्या एका म्हाताऱ्या आबांनी मला पाहून बैल थांबवले.

"कोठे पळी ऱ्हायनी व माय? मांगे कोन शे?"

"माझा भाऊ आहे," मी म्हटलं. ते खरंच होतं. जीपचा आवाज सतत मागे होता.

परतताना ऊन चढलं. पुलाच्या थोडं अलीकडे बरगडीखाली कळ आली. मी तिथे हात दाबून धरला आणि घाबरून थांबले. जीप शेजारी येऊन उभी राहिली.

"बसा ताई," संयोजक म्हणाले. "रस्ता गाड्यांना पुन्हा खुला झालाय. पुलावर एवढ्या हळू जीप नेता येणार नाही, मागे ट्रक तुंबतील."

भाऊने दार उघडलं होतं. "चेहरा बघ आरशात. छातीत दुखतंय ना?"

मला स्वतःलाच माहीत नव्हतं. वाकून हळूहळू श्वास सोडला, पुन्हा सोडला. छातीत दुखतंय असं वाटलं असतं तर मी जीपमध्ये चढले असते. तेवढी शुद्ध होती. कळ थोडी उतरली.

"उजवीकडे आहे भाऊ. बरगडीखाली. श्वास सोडला की कमी होतेय."

"खरं सांग."

"तुझी शपथ."

तो खाली उतरला. "जीप पुढे न्या," संयोजकांना म्हणाला, "आम्ही येतो." आणि मला, "कठड्याकडून चल."

वाहनांच्या बाजूने तो, कठड्याकडून मी, असे आम्ही पुलावर शिरलो. भाऊ चपलांवर पळत होता, एक हात माझ्या पाठीमागून आडवा धरून. मागून ट्रकचा हॉर्न आला आणि पायाखालचा पूल थरथरला. वाऱ्याने माझी ओढणी कठड्याबाहेर फडफडली. ती मी दातांत धरली. "मरना है क्या?" ड्रायव्हर ओरडला. "धीरे चला ना मग!" भाऊने दिलं परत. तो ट्रक गेला, लगेच दुसरा. मी फक्त समोरचं टोक बघत होते.

पूल संपला तसा भाऊ रस्त्याच्या कडेला बसला. त्याला धाप लागली होती, बोलता येत नव्हतं. मी थांबायला लागले तर हातानेच 'पुढे हो' म्हणाला.

मैदानावर पोहोचले तेव्हा मांडवाच्या दोऱ्या सुटत होत्या. घड्याळ घेऊन एक पंच तेवढे थांबले होते. शेवटचा नंबर माझा. वहिनीने लिंबूसरबताचा तांब्या तोंडाला लावला. मागून भाऊ आला, त्याने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ नाडी बघितली. मग म्हणाला, "भूक लागली असेल." त्या दुपारी भरीत-भाकरी मी तीन वेळा मागून घेतली.

संध्याकाळच्या गाडीने धुळ्याला परतले. मांड्या इतक्या धरल्या होत्या की आठवडाभर शाळेचा जिना उलट्या पावलांनी उतरले. आता तो रस्ता चौपदरी झालाय. पळणाऱ्यांची अशी आबाळ होत नाही. पुढेही मी बऱ्याच शर्यती धावले, नंबर कधीच आला नाही.

त्या शर्यतीनंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी गेले होते. नळाचं पाणी गच्चीपर्यंत चढत नव्हतं. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "ताई, तेवढी भरलेली बादली वर गच्चीत न्या हो." भाऊ पेपर वाचत बसला होता. त्याने मान वर केली नाही. मी बादली उचलली आणि जिना चढले.