साहेबांच्या आवाजातली राणी

आमच्या मराठी मंडळात नाटकातल्या भूमिका फॅक्टरीच्या हुद्द्यानं वाटत. फोरमनसाहेब राजा, त्यांच्या हाताखालचे चार्जमन प्रधान नि सेनापती, आणि माझे बाबा फिटर, म्हणून भालदार. दरवर्षी तेच जुनं नाटक. संशयी राजा पोटच्या पोराला कैदेत टाकतो आणि शेवटी रडतो. साहेबांना रडता येत नसे, म्हणून ते खोकत. कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत मी त्यांची नक्कल करायची, खोकल्यासकट. राजाचं सगळं भाषण मला पाठ होतं.

त्या वर्षी लढाई लागली. फॅक्टरी तोफांची, म्हणून बारा-बारा तासांची पाळी, संध्याकाळनंतर ब्लॅकआउट. नाटक रविवारी दुपारी ठेवलं आणि साहेबांना सुटी मिळेना. मी तालमीत जाऊन म्हटलं, "राजाऐवजी राणी ठेवा. मी करते."

नाटक बसवणारे काका म्हणाले, "फिटरची पोरगी गादीवर? आणि चार्जमननं तिला मुजरा करायचा?"

"काहून नाही? आईनंच पोराला कैदेत टाकलं तर लोक जास्त ऐकतील."

"ये लड़की सबकी नाक कटवाएगी," सेनापती म्हणाला.

दुसरं कुणी मिळेना, म्हणून काका कसेबसे तयार झाले. "पण लोक हसले की पडदा पाडीन. मग तुझ्या बापाचा भालाही गेला समज."

मुकुट साहेबांच्या कपाटात असे. त्यांनी तो पाठवला नाही. मी आईची नथ घालून गादीवर बसले.

पहिल्या अंकात कुणी हसलं नाही, टाळीही नाही. पुढच्या रांगेतल्या बायका अशा बघून राहिल्या होत्या की जणू मी त्यांचीच साडी चोरून नेसले. दुसऱ्या अंकात मी पोराला शिक्षा सुनावत होते, तेवढ्यात मागचं दार उघडलं. साहेब, पाळीवरून थेट, हाताला ग्रीस तसंच.

अख्खा दरबार उठून उभा राहिला. प्रधान, सेनापती, सगळे. बाबांनी तर भाला काखेत मारून सलाम ठोकला. हॉलमध्ये खसखस सुरू झाली. काकांचा हात पडद्याच्या दोरीवर गेला.

मी खोकले आणि साहेबांच्या आवाजात म्हटलं, "कोण उठलं? बसा जागेवर. काम चालू आहे."

दरबार मुकाट बसला. बाबांचा हात खाली आला. साहेबसुद्धा दिसेल त्या खुर्चीवर बसले, मागच्या रांगेत.

खसखस थांबली. शिक्षा मी माझ्या आवाजात पुरी केली. शेवटच्या प्रवेशात रडले, खोकले नाही. पडदा वेळेवरच पडला.

घरी जाताना बाबा सायकल हातात धरून चालत होते.

"बसा म्हणालीस ना, तर मला वाटलं साहेबच बोलले," ते म्हणाले.

"नाटक पुरं झालं की नाही?"

"झालं." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "साहेबांनी दारातच सांगितलं. पुढच्या वर्षी राजा ते स्वतःच होणार. भालदार मात्र दुसरा बघणार आहेत."