वहिनीसाठी आणलेला चाकू

भंडाऱ्याहून एसटीने गावी निघालो तेव्हा चाकू पिशवीत दोन पुस्तकांच्या मध्ये होता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. माझ्या पिशवीत पुस्तकं पाहून कुणी काही विचारत नाही.

साकोली तालुक्यातल्या आमच्या घरी थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी, आता एकटी राहते. गेल्या मोहाच्या हंगामात भावाला वाघाने मारलं. जंगलाच्या कडेला आमच्या घराचं मोहाचं झाड आहे, त्याखाली तो सकाळी फुलं वेचत होता. वाकून वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं नंतर मला पुष्कळांनी समजावून सांगितलं. मी मान हलवत राहिलो.

यंदा मोह गळू लागला आणि वहिनीचा फोन आला. ती त्याच झाडाखाली जाणार होती. ही झाडं आमच्याकडे कागदावर कुणाच्या नावाची नसतात. ज्या घराने खालचा पाला झाडला, त्या घराचं झाड. एक हंगाम जागा झाडली नाही की दुसरं कुणी झाडू लागतं, आणि त्याला कुणी बोलतही नाही. वहिनीने आमच्या झाडाखाली परक्या खराट्याच्या रेघा पाहिल्या होत्या. ती फोन करणार हे मी धरूनच चाललो होतो. म्हणून तर चाकू आधीच मागवून ठेवला होता.

दुपारी अंगणात मी तो तिच्यासमोर ठेवला.

"हे कायले आनलं भाऊजी? मले का बकरा कापाचा हाय?"

"जवळ असू दे, वहिनी."

"तुमच्या पुस्तकात लिवलं असन, वाघ दिसला का त्याले चाकू दाखवाचा."

मी चाकू पाहत बसलो. त्याचं पातं मिटणारं नव्हतं, आणि मला तेच हवं होतं. घाबरलेल्या हाताला काही उघडावं लागू नये. पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं दोन्ही बाजूंनी दिसत होतं, म्हणजे जोर लावला तरी ते मुठीतून निखळणार नव्हतं. हात ओला करून मूठ धरली, ती घसरली नाही. बांबूवर दोन-चार घाव घातले, धार मुडपली नाही. हे करताना मला बरं वाटत होतं. वस्तू तपासत असलं की भीती जरा बाजूला सरकून बसते.

म्यान हातात घेतलं आणि भीती परत आली. जाड कापडाचं, आत प्लास्टिकचं अस्तर. मुठीवरून एक पट्टा जायचा, त्याला टिचबटण. म्यान उलटं धरून झटकलं, चाकू पडला नाही. पण बटण कडक होतं. एका अंगठ्याने ते मलाच नीट सुटेना. शिवाय म्यान पॅन्टच्या पट्ट्यात ओवण्यासाठी केलेलं, आणि वहिनी नेसते लुगडं. आम्ही ते सुतळीने तिच्या कमरेला बांधलं. ती उकिडवी बसली तशी म्यानाचं टोक जमिनीला टेकलं आणि मूठ वर सरकून बरगडीत रुतली. मागे सरकवलं तर हात पोचेना.

"राहू द्या," ती म्हणाली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, आतून मूठभर चिंचोके आणून तिने अंगणात फेकले. "मी येचतो. तुमी वाघ व्हा."

"काहीतरीच काय?"

"व्हा ना. पाहू तं खरं, तुमचा चाकू निंगते का."

ती वाकून चिंचोके वेचू लागली. डाव्या कमरेवर टोपली, उजवा हात खाली. मी चपला काढल्या आणि मागून गेलो. माझा हात तिच्या मानेवर पडला तेव्हा तिची बोटं अजून बटणावरच होती.

भावाला वाघाने मानेलाच धरलं होतं. हे दोघांनाही माहीत होतं. मी हात काढून घेतला, तरी ती तशीच वाकलेली राहिली.

"अजून एकदा," ती म्हणाली. "बटन खोलून ठेवतो."

या वेळी मी दोन पावलंही टाकली नसतील. ती वाकली आणि चाकू आपसूक म्यानातून सुटून चिंचोक्यांत पडला.

"आन तुमी तं धपधप आलते," चाकू उचलत ती म्हणाली. "तो आवाज बी नाही करत."

 तिने चाकू मला दिला आणि पदराने मान पुसली. चाकू चांगला होता, यात शंका नाही. पण वाकलेल्या माणसाच्या तो काही उपयोगाचा नव्हता.

"उद्या नको जाऊ," मी म्हणालो.

"जातो," ती म्हणाली.

"मंग मी येतो. तू येच. मी येचनार नाही, उभा राहीन."

सकाळी उजाडता उजाडता आम्ही झाडाखाली होतो. तिच्या पाठीला पाठ लावून मी झुडपांकडे तोंड करून उभा राहिलो. म्यान माझ्या पट्ट्यात, बटण सोडलेलं, हात मुठीवर. ती सरकेल तसा मीही उलटा सरकायचो. झाडलेल्या जागेबाहेरच्या पाल्यावर फुलं गळत होती आणि प्रत्येक फूल पाऊल टाकल्यासारखं वाजत होतं. ठरल्याप्रमाणे मी अधूनमधून "वहिनी" म्हणायचो, ती "हं" म्हणायची.

एकदा हं आलं नाही.

मला वळता येईना. वळलो तर झुडपांकडे पाठ होणार, नाही वळलो तर तिच्याकडे. पुन्हा "वहिनी" म्हणालो. मूठ इतकी आवळली होती की बोटं बधिर झाली.

"हाव, हाव, हाय मी," तोंड भरल्यासारखा आवाज आला. "फूल खाऊन राहिलो होतो. गोड हायेत यंदा."

मी नकळत अर्धा वळलो होतो.

"इकडं नोका पाहू," ती म्हणाली. आवाजातलं हसू गेलं होतं. "तिकडंच पाहा."

मी तिकडेच पाहत राहिलो. टोपली अजून अर्धीही भरली नव्हती.