दहाव्या हर्डलनंतरची हलगी

सातव्या हर्डलपाशी सारिका जवळजवळ थांबलीच.

मुलींच्या चारशे मीटर हर्डल्सची हीट, म्हणजे फायनलच्या आधीची फेरी, चालू होती. राज्याचा संघ निवडायची स्पर्धा, आणि ती यंदा आमच्याच कोल्हापुरात. फायनलमधल्या पहिल्या दोघी संघात जाणार होत्या. सहाव्या हर्डलपर्यंत सारिका सगळ्यांच्या पुढे होती. सातव्याच्या आधी तिनं एकदम बारीक पावलं टाकली, जिन्याची एक पायरी कमी निघाल्यावर आपण टाकतो तशी, आणि हर्डल कसंबसं ओलांडलं. तिघी तिच्या शेजारून निघून गेल्या. टायमिंगवर ती फायनलमध्ये आली, पण अगदी शेवटची.

मगदूम सर आमचे हेड कोच. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "व्हिडिओ घेतलाय न्हवं? बघा काय झालंय ते. फायनल उद्या दुपारी हाय."

ते माझंच काम. मी अकॅडमीत व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट आहे. मुली पळतात, मी स्टँडच्या वरच्या पायरीवरून शूट करते, मग लॅपटॉपवर एकेक पाऊल थांबवून बघते. कुणाशी फार बोलावं लागत नाही. नोकरी घेताना हे मला बरंच वाटलं होतं.

या शर्यतीत दहा हर्डल्स असतात आणि दोन हर्डल्समध्ये नेहमी सारखंच अंतर. प्रश्न एवढाच की ते अंतर किती पावलांत कापायचं. याला स्ट्राइड पॅटर्न म्हणतात. सारिका सतरा पावलं टाकते. पावलं विषम असली की प्रत्येक हर्डलवरून तोच पाय आधी जातो, तिचा डावा. पण अर्ध्या शर्यतीनंतर पाय जड होतात, पाऊल आखूड होतं आणि सतरा पुरत नाहीत. मग दोन रस्ते. एकोणीस टाकायची, म्हणजे डावाच पाय राहतो पण दोन पावलांचा वेळ जातो. नाही तर अठरा, म्हणजे एकाआड एका हर्डलवर उजवा पाय आधी न्यायचा. उजव्या पायाने हर्डल घेणं हे डाव्या हाताने जेवण्यासारखं आहे. जमतं, पण आधी वर्षभर सांडतं.

सारिकाचं ते सांडायचं वर्ष नुकतंच संपलं होतं. पाचव्या हर्डलपर्यंत सतरा, पुढे अठरा. हा बदल अंगात मुरावा म्हणून सर रोज ट्रॅकच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवायचे. पाचव्यापर्यंत एक ठेका, मग थोडा सैल. स्पर्धेत कोच तिथे नसतो, पण टाळी डोक्यात राहते.

सारिका मूळची नेसरीची. गेली काही वर्षं इथे मामीच्या माहेरी राहून पळते. आमच्याकडच्या बऱ्याच मुलींसारखी ती "मी येतो, मी पळतो" असंच बोलते. तिला पहिल्यांदा मैदानावर आणलं ते तिच्या मामांनी, तानाजीमामांनी. आता घरातून निरोप आला होता की ही एक स्पर्धा बघू. संघात नाव आलं तर ठीक, नाही तर पोलीस भरतीची तयारी सुरू करायची. ती तक्रार करत नव्हती. एकदा स्पाइक्स पुसता पुसता म्हणाली होती, "भरती काय वाईट न्हाय, मॅडम. पण तिथं हर्डल नसतंय."

ती मला मॅडम म्हणते. तिच्यापेक्षा मी फार मोठी नाही. मला ते आवडत नाही, पण मी कधी तसं सांगितलं नाही.

शाळेत असताना मीही हीच शर्यत पळायचे. मला उजव्या पायाने कधीच जमलं नाही. मी एकोणीस टाकायचे आणि दहाव्या हर्डलपर्यंत मागे पडलेली असायचे. दहाव्यानंतर फिनिशपर्यंत चाळीस मीटर उरतात. तिथे हर्डल नाही, त्यामुळे मोजायचंही काही नाही. नुसतं पळायचं. बाकीच्या मुली तिथून सुटायच्या, तेव्हा त्यांच्या पाठी दिसायच्या. पुढे गुडघ्याचं दुखणं निघालं आणि विषय संपला. ते चाळीस मीटर मी कधी धड पळलेच नाही. आता तेच मी रोज शूट करते.

हीटचा व्हिडिओ घेऊन बसले. पावलं मोजली. पाचव्यापर्यंत सतरा, बरोबर. पाचव्या-सहाव्यामध्ये अठरा, उजवा पाय, छान. सहाव्यानंतर मात्र तिची पावलं अचानक जलद झाली आणि लहान झाली. दमल्यावर पावलं लहान होतात, पण जलद होत नाहीत. अठरावं पाऊल पडलं तेव्हा हर्डल अजून लांब होतं, आणि एकोणिसाव्याला अगदी अंगावर आलं. ना हा पाय, ना तो. म्हणून ती थांबली.

का जलद झाली, ते दिसत नव्हतं. वारा नव्हता. शेजारची मुलगीही मागे होती.

मी व्हिडिओ नेहमी आवाज बंद करून बघते. मैदानातला गोंगाट ऐकत पावलं मोजता येत नाहीत, आणि शूट करतानाही त्याकडे माझं लक्ष नसतं. त्या दिवशी सर मागे येऊन उभे राहिले, त्यांना दाखवायला मी फाइल मोठ्या स्क्रीनवर लावली, आणि तिथे आवाज चालू होता.

हलगी वाजत होती.

नेसरीहून टेम्पो भरून माणसं आली होती. कुस्तीच्या मैदानाला जातात तशीच आली होती, फेटे बांधून, हलगी घेऊन. कुस्तीत डाव रंगात आला की हलगीवाला ठेका चढवतो. सारिका सहावं हर्डल ओलांडून स्टँडकडे वळली, तशी त्यांना ती दिसली आणि हलगी चढली. स्क्रीनवर तिचे पाय बघितले. प्रत्येक पाऊल हलगीवर पडत होतं.

सर खुर्ची ओढून स्क्रीनजवळ बसले. मग म्हणाले, "ठेक्यावर पळायला आपणच शिकवलंय की तिला."

मी म्हटलं, सर, त्यांना वाजवू नका म्हणून सांगायला हवं. त्यांनी मान हलवली आणि मग सगळंच माझ्यावर टाकलं.

"मी गारगोटीचा. मी सांगितलं तर गावभर होईल, गारगोटीकरानं नेसरीची हलगी बंद पाडली म्हणून. तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

माझं कुणी ऐकेल असं मला वाटत नव्हतं. माझं शिक्षण सगळं इंग्लिश मीडियममध्ये झालं. अनोळखी माणसांसमोर मराठी बोलायचं म्हटलं की वाक्य आधी मनात जुळवावं लागतं. दुसऱ्या दिवशी स्टँडकडे जाताना मी तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. तिथे पोचेपर्यंत त्यातलं एकही राहिलं नाही.

फायनलला तासभर होता. मंडळी पायऱ्यांवर बसून भाकरी-खर्डा खात होती. तानाजीमामांनी मला ओळखलं, आधी बसा म्हणाले, मग भाकरी पुढे केली. ती घेऊन मी एकदम सांगून टाकलं, की कृपया आज हलगी वाजवू नका.

मामांचा हात तसाच राहिला. "वाजवू नको? मग आमी हितं काय मुक्यावानी बसाय आलोय व्हय?"

मागून कुणीतरी म्हणालं की कोल्हापुरात आता हलगीलाही परमिशन लागते काय. सगळे हसले. माझे कान तापले. स्ट्राइड, रिदम, लीड लेग असं काहीतरी मी बोलून बघितलं, ते कुणालाच समजलं नाही. शेवटी मी बोलायचं सोडून दिलं. फोन काढला, आवाज मोठा केला आणि सहाव्या हर्डलपासूनचा तुकडा मामांपुढे धरला.

त्यांनी एकदा बघितला. परत लावायला सांगितला. दुसऱ्यांदा बघताना त्यांचं बोट मांडीवर हलगीबरोबर हलत होतं, आणि सारिका अडखळली तिथे ते थांबलं.

"म्हंजे आमीच पाडत हुतो तिला," ते म्हणाले.

मी घाईने म्हटलं, "नाही, मामा. टाळीची सवय आम्हीच लावली. पाडलं कुणीच नाही."

त्यांनी भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली. आता कुणी हसत नव्हतं. एवढी माणसं इतक्या लांबून जी एक गोष्ट द्यायला आली होती, ती मी परत घ्यायला सांगत होते. तसंच उठून यावं असं वाटलं, पण आले नाही. स्टँडच्या बरोबर समोर दहावं हर्डल दिसत होतं.

"ते बघा, शेवटचं हर्डल," मी म्हटलं. "ते तिनं ओलांडलं की वाजवा. तिथून पुढं तिला काही मोजायचं नसतं."

"तवर?"

"तोवर अजिबात नाही."

मामा हलगीवाल्याकडे वळले. "ऐकलंस न्हवं? त्याच्या आदी हलगीला टिपरू लागलं तर चालत जायचं नेसरीला."

फायनल सुरू झाली तेव्हा मी वरच्या पायरीवर माझ्या जागेवर होते. कॅमेरा ट्रायपॉडवर, हात हँडलवर. इतर गावांची माणसं ओरडत होती. नेसरीची माणसं उभी होती आणि गप्प होती. हलगीवाल्याने काठी वर धरली होती ती तशीच.

पाचव्यापर्यंत सतरा. मग अठरा, उजवा. सातवं हर्डल आलं, डावा, नीट. आठव्यावर उजवा थोडा वर गेला, थोडा वेळ गेला. कागलची एक मुलगी खूप पुढे होती, तिला गाठणं शक्य नव्हतं. नवव्यापाशी सारिका चौथी होती. मी ओठांतल्या ओठांत मोजत होते, इंग्लिशमध्ये, शाळेत मोजायचे तसं. दहावं हर्डल. उजवा पाय.

हलगी कडाडली.

पुढचं मला अ‍ॅनालिस्ट म्हणून सांगता येणार नाही. ती पळाली. सरळ अंगाने, खांदे सोडून, कसलाच विचार नसल्यासारखी. एक मुलगी मागे गेली. दुसरी अगदी रेषेवर मागे गेली. सारिका दुसरी आली. मामांनी फेटा काढून हातात घेतला होता आणि ते त्याच्याकडेच बघत होते.

संध्याकाळी सरांनी शेवटच्या चाळीस मीटरचा डेटा मागितला. पावलं किती, स्पीड किती. मी फाइल लावली. दहाव्या हर्डलपर्यंत चित्र व्यवस्थित होतं. तिथून पुढे स्क्रीनवर नुसतं गवत होतं. मी हँडल सोडून उभी राहिले होते आणि कॅमेरा खाली झुकला होता. गवत, आणि त्यावर हलगीचा आवाज.

सरांनी ते शेवटपर्यंत बघितलं. "हे काय शूटिंग मॅडम," एवढंच म्हणाले. डेटा नाही तर ठेवून काय उपयोग, डिलीट करा, असंही म्हणाले.

सारिका राज्याच्या कॅम्पला गेली. तिथे तिचा पॅटर्न बदलणार आहेत असं कळलं. मध्यंतरी तिचा फोन आला होता. ट्रॅक भारी आहे, जेवण सपक आहे, तांबड्या रश्श्याची आठवण येते, असं सांगत होती. ठेवताना म्हणाली, "हितं कोण वाजवत न्हाय, मॅडम. दहाव्याच्या फुडं लय सुनं वाटतंय." मी म्हटलं, मोजायचं नसतं तिथे, नुसतं पळ. ती म्हणाली, "व्हय, पळतो की."

फाइल मी डिलीट केलेली नाही. सकाळी मैदानावर कुणी यायच्या आधी कधी कधी लावते. गवताकडे बघत ते चाळीस मीटर ऐकते. सारिका कुठे पोचली असेल ते आवाजावरून कळतं.

या कामात नवीन येणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगते. व्हिडिओ बघताना आवाज चालू ठेवा. आणि काहीही झालं तरी कॅमेरा सोडू नका. पहिली मी आता स्वतःही पाळते.