माणूस दिसल्याशिवाय डबल बेल नाही

तुमच्या शब्दावर विसंबून कुणी आपली मुलगी परदेशी शिकायला पाठवली आहे का? पाठवली असेल, तर त्या दिवशी तुम्ही खरं बोलला होता का?

श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवरच्या कंट्रोलर काकांना हा प्रश्न विचारावा लागेल असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. आसपासच्या खेड्यांतून आम्ही मुली कॉलेजला येऊ शकलो त्या त्यांच्या भरवशावर. संध्याकाळच्या गाडीत एकटी मुलगी चढली की काका आपली खिडकी सोडून बाहेर येत आणि कंडक्टरला बजावत, "पोरगी फाट्यावर उतरंल. घरचं मानूस दिसल्याबिगर डबल बेल द्यायची न्हाई." एकदा माझ्या वडिलांची सायकल वाटेत पंक्चर झाली आणि भरलेली गाडी फाट्यावर तशीच थांबून राहिली. पोरीचं लग्न लावूनच निघायचं का, असं एका म्हाताऱ्याने कंडक्टरला विचारलं. गाडी हसली, पण हलली नाही. वडील सायकल ढकलत येताना दिसले तेव्हाच दोनदा घंटी वाजली.

"गाडी लागली म्हंजी पोचली असं न्हाई," हे त्यांचं दुसरं वाक्य. त्यांची मुलगी वैशाली आणि मी शाळेत एका बाकावर होतो. सहलीला गेलो तरी उतरल्याबरोबर तिने घरी फोन करून "पोचले" एवढा एक शब्द सांगायचा, असा नियम होता. पुढे ती डॉक्टर व्हायला परदेशी गेली, तेव्हा काकांनी भिंतीवर दुसरं घड्याळ लावलं, तिच्या तिकडच्या वेळेचं. कॉलेजातून हॉस्टेलवर परतली की ती मोबाईलवर तोच शब्द लिहायची. तो येईपर्यंत काका ताटावर बसत नसत. काकूंनी कितीही हाका मारल्या तरी घड्याळाखालीच उभे.

वैशालीला पाठवणाऱ्या एजंटला सगळे 'सर' म्हणत. या सरांनी चौकात तिचा फ्लेक्स लावला. 'भावी डॉक्टर', आणि खाली कोपऱ्यात काकांचाही फोटो. तो फोटो उगाच नव्हता. ज्याने तालुक्यातल्या पोरी इतकी वर्षं सुखरूप घरी पोचवल्या, त्याची पोरगी आमच्याकडून गेली, हे सरांना न बोलता लोकांना सांगायचं होतं.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात एका संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले होते आणि वैशालीचा फोन आला. आवाज बारीक होता. तिथल्या गावात बाहेरून शिकायला आलेल्या मुलांविरुद्ध डोकी भडकली होती. हॉस्टेलच्या काचा फोडल्या होत्या. हॉस्टेलमागच्या गल्लीत एका मुलीला टोळक्याने बेदम मारलं होतं. तिकडे चारलाच अंधार पडतो आणि कॉलेज पाचला सुटतं, म्हणून सहा-सहा जणी हात धरून परततो, असं ती म्हणाली. काकांनी परत ये म्हटलं. ती नको म्हणाली. सगळी कागदपत्रं सरांच्या तिथल्या माणसाकडे होती. बोभाटा केला तर तो अडवून धरील, अशी तिला भीती होती.

त्याच आठवड्यात मंगल कार्यालयात सरांची पालकसभा झाली. काकांना मंचावर बसवलं. देवळाली प्रवराच्या मंदाताई उभ्या राहिल्या. त्यांची किरण बारावी झालेली. बाकीचे फी आणि जेवणाबद्दल विचारत होते. मंदाताईंनी विचारलं, "भाऊ, दिस मावळल्यावर पोरींना एकटं यावं लागतं का?"

काकांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिता ठेवला. "पोरगी सुखरूप हाय," ते म्हणाले. "काळजी करू नका."

मंदाताई हात जोडून बसल्या. मी चौथ्या रांगेत होते. मला सगळं ठाऊक होतं. अन्यायाविरुद्ध पत्रकं वाटत फिरणारी मी, त्या दिवशी मीही गप्प बसले.

बाहेर आल्यावर मी काकांना फक्त एवढंच विचारलं की असं का. ते म्हणाले, "माझी पोरगी त्यांच्या ताब्यात हाय. वाकडं बोललो आन् तिला काय केलं तर?"

बापाची भीती मला समजते. पण त्या भीतीने आपली मुलगी झाकली आणि दुसऱ्याची उघड्यावर पाठवली. सरांवर माझा राग आहेच. लोकांची काळजी दाबून टाकणं हाच त्यांचा धंदा. मात्र सरांवर विश्वास कुणी ठेवलाच नव्हता. लोकांनी विश्वास ठेवला तो काकांवर.

मंदाताईंनी किरणला पाठवलं. पुढच्या हिवाळ्यात तिला त्याच गल्लीत मारलं. ती परत आली, डावा डोळा गमावून. आता ती ओट्यावरसुद्धा येत नाही.

मंदाताई स्टँडवर आल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, तुमी तर मानूस दिसल्याबिगर गाडी सोडत नव्हता. माझीच पोर कशी सोडली?"

मागे नेवाशाची गाडी लागली होती. कंडक्टर सहीसाठी कागद धरून थांबला होता. काकांनी पेन उचललं नाही. त्यानंतर ते खिडकीत बसले नाहीत. रजा टाकली, ती निवृत्तीपर्यंत.

वैशाली डॉक्टर होऊन परतली. सरांनी नवा फ्लेक्स लावला. पुण्याच्या गाडीतून ती श्रीरामपूरला उतरली तेव्हा स्टँडवर काकू होत्या, मी होते. काका नव्हते. ते देवळालीला मंदाताईंच्या ओट्यावर बसले होते. दर आठवड्याला जातात. मंदाताई पाण्याचा तांब्या ठेवतात आणि दार लोटून घेतात. वैशालीने त्या दिवशीही मोबाईलवर लिहिलं, "पोचले." उत्तर आलं नाही.

चौकशीसाठी सर नव्या पालकांना जी यादी देतात, तिच्यात काकांचा नंबर अजून आहे. कुणी फोन केला की काका आता गल्लीपासून सगळं सांगतात. ऐकणारे म्हणतात, म्हाताऱ्याची स्वतःची पोरगी झाली ना डॉक्टर, आता दुसऱ्याची होऊ देत नाही.

तुमचं लेकरू बाहेर शिकत असेल, तर तुम्हालाही असा फोन येईल. "कसं आहे हो तिकडे?" असं कुणी बिचकत विचारील. तेव्हा फ्लेक्स आठवू नका. तुमच्या मुलीने बारीक आवाजात जे सांगितलं, तेच त्या आईला सांगा.