पाइपाआडचे मासे

टाकीवाल्या काकूंचा कुणावरच विश्वास नव्हता, माशांवरही नाही. मत्स्यकेंद्राच्या टाकीत वाढवलेल्या दुर्मीळ माशांना नदीत सोडण्याआधी ताकद यावी म्हणून पंपाच्या धारेविरुद्ध पोहायला लावायचं, हे त्यांचं काम. एकदा बघतात तर काय, निम्मे कामचुकार पाइपाआडच्या संथ पाण्यात आराम करतायत! काकूंनी पाइपच हलवला.

"नदीत कोण लाड करणारे, मेल्यांनो?"

तेवढ्यात मनात शंकेची पाल चुकचुकली. डॉक्टरांनी सांगितल्यापासून नवरा रोज पहाटे बागेत फिरायला जातो, मग पोट तसूभरही का उतरत नाही?

दुसऱ्या दिवशी पहाटे काकूंनी टाकीचा उरलेला हिरवा रंग त्या बागेतल्या एकुलत्या एका बाकाला फासला. तासाभराने नवरा धापा टाकत घरी आला.

"आज दमेपर्यंत चाललो बघ!"

"हो का? जरा पाठमोरे व्हा बघू."