गाडीचा जामीन

स्वतःच्याच गाडीत मागच्या सीटवर बसून मी विमानतळावर गेले. गाडी विकली होती. चालवत होता संदेश, शेजारच्या चाळीतला, माझ्याच वर्गातला आणि आता गाडीचा मालक. म्हणजे पैशाने मालक. कागदावर ती अजून माझी होती, आणि माझ्याहून जास्त बँकेची. त्याच्या बाजूला बाबा बसले होते. पासपोर्ट घेतलास ना, एवढंच दर सिग्नलला विचारत होते.

हॉस्पिटलच्या ड्युटीसाठी मी ती कर्जावर घेतली होती. डब्लिनला नर्सची नोकरी लागली तेव्हा बरेच हप्ते बाकी होते. डीलरने सांगितलेल्या भावात कर्जसुद्धा फिटलं नसतं. संदेश म्हणाला, "मला दे ना. कर्जाचे बँकेत भरतो, वरचे तुला." भरलेही त्याने. पण कर्ज मिटल्याचं बँकेचं पत्र आल्याशिवाय गाडी त्याच्या नावावर होणार नव्हती, आणि माझं विमान त्याआधी होतं. लागतील तेवढ्या सह्या मी करून ठेवल्या. तरी गल्लीतले त्याला अक्कल शिकवायला लागले, "येडा आहेस काय? ती गेली की कोणाला धरशील?"

ते बाबांच्या कानावर गेलं. त्यांनी संदेशला गॅलरीत बोलावलं आणि म्हणाले, "माका धर. तुझो कागद येईसर मी मुंबई सोडूचंय नाय."

कागद येईपर्यंत बाबा मुंबईतच, एवढ्यावर व्यवहार झाला.

पत्र काही येईना, आणि गणपती आले. गणपतीत अख्खी मुंबई लालबागला येते आणि आमची चाळ कोकणात जाते. बाबा थोरले, गावच्या घरी पूजेला तेच बसतात. गिरणी बंद पडली त्या वर्षीही उसने घेऊन गेले होते म्हणे. या वेळी आई एकटीच पुढे गेली आणि तिथून मला फोन, "तुझ्या बापाशीक समजाव गो."

मी फोनवर समजवायला गेले. "कागद इलो?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. "मगे?" म्हणाले आणि फोन ठेवला. मला भयंकर राग आला. एका जुन्या गाडीपायी माणूस गावचा गणपती सोडतो? इथे डब्लिनला आलेल्या तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, रागावून करणार काय? इथल्या किचनमध्ये पास्ता ढवळत रडले, झालं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी रिकाम्या चाळीत बाबा एकटेच गॅलरीत बसलेले संदेशला दिसले. तो गाडी घेऊनच खाली आला.

"जय भीम, काका. बॅग घ्या, गावाला सोडतो."

बाबा म्हणाले, शब्द दिला आहे.

"मग मोडतंय कोण? गाडी पण माझ्यासमोर, जामीन पण माझ्यासमोर. मला काय टेन्शन?"

हे सगळं मला नंतर कळलं. आधी फोटो आला. घरासमोरच्या खळ्यात माझी ती गाडी, बॉनेटवर झेंडूचा हार, बाबा पूजेच्या धोतरात आणि संदेशचं तोंड मोदकाने भरलेलं. तो फोटो मी ड्युटीवर तीन वॉर्डांत दाखवला, कोणाला काही कळलं नाही.

ते परतल्यावर पत्र आलं. गाडी संदेशच्या नावावर झाली. लालबागमध्ये आता माझ्या नावावर काहीही नाही, तरी घर कुठे असं कोणी विचारलं की तोंडातून लालबागच येतं. का, ते मला परवा कळलं.

मी इथे परत कर्जावर गाडी घेतली. शोरूमवाल्यांनी पगार बघितला आणि किल्ली दिली, माझ्यामागे कोण आहे हे कोणी विचारलं नाही. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "कर्ज आसा?"

"आहे."

"बरा. विकूक काढशीत तेव्हा सांग. मी थय येवन जामीन ऱ्हवतंय."