ओल्या रंगावरचा अंगठा

सकाळचं ऊन तिरपं आत आलं की कपाटावरच्या छोट्या निळ्या होडीवर अंगठ्याचा ठसा दिसतो. एरवी तो दिसत नाही.

आमच्या ह्यांना होड्यांची आणि जुन्या मोटारींची मॉडेल्स करायचा भारी नाद. मोटारीचं छप्पर कापून बुटकं करायचं, मागची चाकं मोठी बसवायची, मनासारखी गाडी घडवायची. चिमट्याने काडीएवढं वल्हं चिकटवताना श्वास रोखून धरणारा हा माणूस रंगापाशी मात्र हमखास उतावीळ व्हायचा. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, वाळू द्या की जरा!"

"वाळला असेल गं," म्हणत ते हात लावायचेच. मग ठसा उमटायचा, तो पॉलिश पेपरने घासायचा आणि पुन्हा रंग द्यायचा.

या होडीवरचा ठसा घासायचा राहून गेला. दुपारी रंग दिला आणि संध्याकाळी त्यांच्या छातीत कळ आली.

परवा मुलगा म्हणाला, "आई, इथे डाग पडलाय. घासून नीट करून देऊ?" मी इतक्या जोरात "नको" म्हटलं की तो दचकलाच.

गेलेल्या माणसाचे गुण सगळेच सांगतात. त्याची खोड मात्र घरच्यांनाच छळत राहते. भिंतीवरच्या फोटोत हे शहाण्यासारखे बसलेत. उतावीळ असे ते आता फक्त या होडीवर आहेत.

रंग अगदी खडखडीत वाळलाय, अहो. आता लावा हात.